देशाची नैसर्गिक वायूची मागणी: मोजायची कशी, अंदाज बांधायचा कसा

एखाद्या देशाला दहा-पंधरा वर्षांनी किती नैसर्गिक वायू लागेल, असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एकच आकडा हवा असतो. त्या आकड्यावर पंधरा-वीस वर्षांचे एलएनजीचे (थंड करून द्रवरूप केलेल्या वायूचे) करार होतात, पाइपलाइनचा व्यास ठरतो, साठवणुकीची सोय उभी राहते. अंदाज फुगला तर माल उचलला नाही तरी पैसे मोजायला लावणारे ‘टेक ऑर पे’ करार गळ्यात पडतात. कमी पडला तर ऐन थंडीत किंवा ऐन दुष्काळात वीजकेंद्रं आणि कारखाने बंद ठेवायची वेळ येते.

पूर्वीच्या वापराचा आलेख काढायचा, त्याची रेघ पुढे ओढायची आणि त्याला अंदाज म्हणायचं, ही सवय आधी सोडायला हवी. वायूची मागणी एकसंध नसते. घर तापवणारा, युरिया बनवणारा, काच वितळवणारा आणि वीज विकणारा असे निरनिराळे ग्राहक निरनिराळ्या कारणांनी वायू घेतात. प्रत्येकाच्या हाताशी दुसरं इंधन आहे की नाही आणि किती किमतीला तो वायू सोडेल, हेही वेगवेगळं असतं. म्हणून अंदाज खालून वर रचावा लागतो. स्प्रेडशीट वापरता येत असेल आणि संख्याशास्त्राची तोंडओळख असेल, तर पुढची सगळी कामं करता येतात.

## आधी प्रश्न पक्का करा

‘वर्षभरात किती?’ आणि ‘सर्वांत थंड दिवशी किती?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. करार पहिल्या उत्तरावर होतात. पाइपलाइन, कॉम्प्रेसर आणि साठवण दुसऱ्या उत्तरावर. दोन्हीसाठी लागणारी माहितीही वेगळी असते.

मग मुदत ठरवा. पुढच्या काही दिवसांचा अंदाज जवळजवळ पूर्णपणे हवामानावर चालतो. एक ते तीन वर्षांच्या अंदाजात किमती, अर्थव्यवस्थेचा वेग आणि बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पांची यादी महत्त्वाची. पंधरा-वीस वर्षांसाठी लोकसंख्या, धोरण आणि तंत्रज्ञान पाहावं लागतं. एकाच मॉडेलकडून ही तिन्ही कामं करून घेण्याचा मोह टाळा.

तिसरा प्रश्न हमखास विसरला जातो: कोणत्या किमतीला? किंमत न सांगता दिलेला मागणीचा आकडा अर्धवट असतो.

## एककांचा घोळ पहिल्याच दिवशी मिटवा

घनमीटर हे माप दिसतं तितकं सरळ नाही. काही देश ० अंश सेल्सिअसला मोजलेला घनमीटर वापरतात, काही १५ अंशांना. तेवढ्यानेच आकड्यात सुमारे साडेपाच टक्के फरक पडतो. त्यात वायूचा उष्मांकही (एक घनमीटर जाळल्यावर मिळणारी उष्णता) ठिकाणागणिक बदलतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन क्षेत्राचा वायू नायट्रोजनचं प्रमाण जास्त असल्यामुळे कमी उष्मांकाचा होता. त्याचा एक घनमीटर आणि एलएनजीपासून मिळालेला एक घनमीटर यांची बेरीज करणं चूकच.

त्याहून मोठा सापळा स्थूल आणि निव्वळ उष्मांकाचा. ज्वलनात तयार झालेल्या वाफेची उष्णता धरायची (स्थूल) की नाही (निव्वळ), यावरून नैसर्गिक वायूच्या बाबतीत सुमारे दहा टक्के फरक होतो. वायू बहुतेक ठिकाणी स्थूल उष्मांकावर विकला जातो, पण वीजकेंद्राची कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर जाहीर होते. कागदावर ५८ टक्के दिसणारं केंद्र स्थूल हिशेबात ५२ टक्क्यांच्या आसपास येतं. हे लक्षात आलं नाही, तर वीज क्षेत्राची सगळी मागणी दहा टक्क्यांनी कमी निघते आणि कुणाला चूक सापडत नाही.

माझा सल्ला असा: सगळी माहिती आधी स्थूल उष्मांकावरच्या ऊर्जेत आणा आणि घनमीटरमध्ये फक्त शेवटी जा. या लेखात मी एका घनमीटरला ३८ मेगाज्यूल धरले आहेत. त्या हिशेबाने १ अब्ज घनमीटर म्हणजे ३८ पेटाज्यूल, किंवा सुमारे १०.६ अब्ज युनिट (किलोवॉट-तास) उष्णता, किंवा साधारण ३ कोटी ६० लाख एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट, वायूच्या भावासाठी रूढ असलेलं एकक). १० लाख टन एलएनजीपासून अंदाजे १.३६ अब्ज घनमीटर वायू मिळतो. रोजचे १० लाख घनमीटर म्हणजे वर्षाचे ०.३६५ अब्ज घनमीटर.

## पायाभूत वर्षाचा ताळेबंद

आता एक अलीकडचं वर्ष निवडा आणि त्याचा पूर्ण हिशेब जुळवा. विहिरीतून निघालेला सगळा वायू बाजारात येत नाही. तेलक्षेत्रातला दाब टिकवण्यासाठी काही परत जमिनीत सोडला जातो (नॉर्वे आणि अल्जीरियात हे प्रमाण मोठं आहे), काही जाळून टाकला जातो, आणि प्रोपेन-ब्युटेनसारखे जड घटक वेगळे काढल्यावर उरलेलं आकारमान कमी होतं. हे सगळं वजा करून विक्रीयोग्य उत्पादन काढा. त्यात आयात मिळवा, निर्यात वजा करा, साठ्यातली वाढ वजा किंवा घट अधिक करा. हाती आला तो देशातला एकूण वापर.

दुसऱ्या बाजूने ग्राहकांकडून वर या: घरं, व्यापारी संस्था, उद्योग, खतं, वाहतूक, वीज, शिवाय पाइपलाइनच्या कॉम्प्रेसरमध्ये जळणारा वायू आणि गळती. देश एलएनजी निर्यात करत असेल, तर द्रवीकरण प्रकल्पात येणाऱ्या वायूपैकी दहा टक्क्यांच्या आसपास वायू तिथेच खर्च होतो, हेही धरा. दोन्ही बेरजांमधला फरक एक-दोन टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. जास्त असेल तर थांबा, कारण बऱ्याचदा एखादा मोठा ग्राहक दोनदा मोजलेला असतो किंवा मुळीच मोजलेला नसतो.

दोनदा मोजणी होण्याची नेहमीची जागा म्हणजे कारखान्याचं स्वतःचं वीजकेंद्र. ते उद्योगात धरायचं की विजेत, हे एकदाच ठरवून सगळ्या वर्षांना लावा. खत कारखान्यांचंही तसंच. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या ऊर्जा ताळेबंदात कच्चा माल म्हणून लागणारा वायू ‘बिगर-ऊर्जा वापर’ या सदरात जातो आणि त्याच कारखान्याचं इंधन उद्योगात. अंदाजासाठी दोन्ही एकत्र करा, कारण कारखाना बंद पडला की दोन्ही एकदमच बंद होतात.

## वापर म्हणजे मागणी नव्हे

संपूर्ण कामातली ही सर्वांत नाजूक जागा. मीटर दाखवतो तो वापर. पुरवठाच अपुरा असेल तर मीटरवर पुरवठ्याची मर्यादा दिसते, गरज दिसत नाही. पाकिस्तानात हिवाळ्यात वायूचं भारनियमन होतं. बांगलादेशाने २०२२ च्या जुलैत महागडा स्पॉट एलएनजी (दीर्घ कराराशिवाय चालू भावाने मिळणारा) घेणं थांबवलं आणि वीजकपात वाढली. त्या वर्षाचे आकडे जसेच्या तसे घेऊन पुढची रेघ ओढली, तर टंचाईच भविष्यावर लादली जाईल.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. भारतात सुमारे २५ हजार मेगावॉटची वायूवरची वीजकेंद्रं उभी राहिली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं उत्पादन २०१० नंतर घसरलं आणि त्यातली बरीच केंद्रं वर्षाचा मोठा काळ रिकामी राहू लागली. आता ही सगळी क्षमता पूर्ण चालली तर किती वायू लागेल, तेवढी ‘दडलेली मागणी’ आहे असं म्हणायचं का? नाही. स्वस्त वायूवर ती मागणी आहे, महाग आयातीत वायूवर ती नाही.

म्हणून मागणीला किमतीची पायरी जोडावी लागते. काम कष्टाचं आहे, पण करण्यासारखं आहे. ग्राहकांचे गट पाडा. प्रत्येक गटाला वायू मिळाला नाही तर तो काय वापरेल ते लिहा: फर्नेस ऑइल, एलपीजी, कोळसा, आयात केलेला अमोनिया, वीज किंवा काहीच नाही. त्या पर्यायाचा दारात पडणारा खर्च आणि दोन्ही इंधनांची कार्यक्षमता यांवरून तो गट वायूला जास्तीत जास्त किती किंमत देईल ते काढा. मग गट उतरत्या क्रमाने मांडा. समोर पायऱ्यापायऱ्यांची मागणीरेषा तयार होते आणि कोणत्या किमतीला कोण गळेल ते दिसतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये युरोपात वायूचे भाव चढले तेव्हा यारा या खत कंपनीने आपली युरोपातली सुमारे ४० टक्के अमोनिया क्षमता बंद ठेवल्याचं जाहीर केलं. अमोनिया बाहेरून आणता येतो, म्हणून तो गट लवकर गळाला. घर तापवणारा ग्राहक तसा गळत नाही.

टंचाईच्या वर्षांसाठी खरी मागणी काढायची तर कपात नसलेल्या दिवसांचा वापर, मंजूर पण न दिलेल्या जोडण्या आणि टंचाईत जळलेलं पर्यायी इंधन या तीन गोष्टी उपयोगी पडतात.

## हवामानाचा परिणाम वेगळा काढा

थंड देशात एक उबदार हिवाळा वार्षिक आकडा सहज बिघडवतो. युरोपीय संघात २०१० चं वर्ष थंड गेलं आणि २०११ मध्ये वायूचा वापर सुमारे दहा टक्क्यांनी घटला. त्यात उबदार हवामानाचा वाटा मोठा होता. ती घट कुणी कायमची समजला असता तर फसला असता.

यासाठी ‘हीटिंग डिग्री डे’ हे माप वापरतात. एक आधार-तापमान घ्यायचं (ब्रिटनमध्ये १५.५ अंश सेल्सिअस रूढ आहे, अमेरिकेत ६५ अंश फॅरनहाइट) आणि दिवसाचं सरासरी तापमान त्याच्या जितकं खाली असेल तितके अंश मोजायचे. वर्षभराची बेरीज म्हणजे त्या वर्षाची थंडी. समजा सामान्य वर्षात ही बेरीज २,३०० होते, गेल्या वर्षी ती २,००० होती आणि घरं तापवायला ८ अब्ज घनमीटर वायू लागला. तर सामान्य हवामानात तो ८ × २,३०० ÷ २,००० म्हणजे ९.२ अब्ज घनमीटर लागला असता. ही दुरुस्ती फक्त तापवण्याच्या भागाला लावा. स्वयंपाक, आंघोळीचं पाणी आणि कारखाने यांचा भाग आधी बाजूला काढा. उन्हाळ्यातल्या महिन्यांच्या वापरावरून तो कळतो.

‘सामान्य’ वर्ष कोणतं हा प्रश्न आता गंभीर झाला आहे. तीस वर्षांची सरासरी घेतली तर तापमानवाढीमुळे ती आजच्या मानाने जास्त थंड निघते आणि मागणी फुगते. मी शेवटच्या दहा-पंधरा वर्षांची सरासरी घेणं पसंत करतो. उष्ण देशांत हाच विचार उलट्या बाजूने करायचा: तिथे उकाडा वातानुकूलनातून विजेची मागणी वाढवतो आणि तिच्यामागून वायूची.

## घरं आणि छोटे ग्राहक

सूत्र साधं आहे: घरांची संख्या, गुणिले जोडणी असलेल्यांचं प्रमाण, गुणिले एका जोडणीचा वापर. तिसरी संख्या देशागणिक पार बदलते. ब्रिटनमधल्या एका सर्वसाधारण घराला वर्षाला ११,५०० युनिटच्या आसपास उष्णता वायूपासून लागते, म्हणजे हजार घनमीटरच्या थोडी पुढे. वायू फक्त स्वयंपाकाला वापरणारं घर दिवसाला अर्धा घनमीटर धरलं तरी वर्षाला १८० च्या आसपासच थांबतं. म्हणून कोट्यवधी जोडण्यांची घोषणा ऐकून मागणी किती वाढेल हे लगेच ठरवू नका; आधी त्या घरात वायू कशाला जळणार ते विचारा.

जोडण्या सरळ रेषेत वाढत नाहीत. सुरुवातीला सावकाश, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा सावकाश, असा तो एस आकाराचा वक्र असतो. त्याची कमाल पातळी ठरवताना ज्या गल्लीत नळी पोचणंच परवडत नाही अशी घरं वगळा.

एका जोडणीचा वापर स्थिर धरणं ही इथली सर्वांत महाग चूक. ब्रिटनमध्ये घरगुती वापर २००४ च्या सुमारास शिखरावर पोचला आणि नंतर घसरत गेला. २००५ पासून नव्या बॉयलरसाठी कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारा) प्रकार जवळपास सक्तीचा झाला, भिंती-छतांचं उष्णतारोधन वाढलं, वायूही महागला. नेदरलँड्सने तर २०१८ च्या जुलैपासून नव्या घरांना वायूची जोडणी देणंच सर्वसाधारणपणे थांबवलं. त्यामुळे जुन्या बॉयलरचं सरासरी आयुष्य आणि दर वर्षी बदलल्या जाणाऱ्या बॉयलरचं प्रमाण धरून उपकरणांचा साठा वर्षागणिक पुढे न्या. विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपांचा शिरकावही त्याच तक्त्यात दाखवा.

## उद्योग आणि खतं

मोठ्या उद्योगांचा अंदाज समीकरणापेक्षा यादीवरून चांगला येतो. खत, पोलाद, शुद्धीकरण, काच, सिरॅमिक: प्रत्येकाचं उत्पादन आणि एका टनाला लागणारी ऊर्जा लिहा. युरियाचं उदाहरण घेऊ. एक टन युरियाला सुमारे ०.५८ टन अमोनिया लागतो. चांगल्या कारखान्यात कच्चा माल आणि इंधन मिळून टनाला २२ गिगाज्यूल (१ गिगाज्यूल म्हणजे १,००० मेगाज्यूल) धरले, तर वर्षाला १२ लाख टन करणाऱ्या कारखान्याला २६.४ पेटाज्यूल, म्हणजे ०.७ अब्ज घनमीटरच्या आसपास, दिवसाला सुमारे १९ लाख घनमीटर वायू लागतो. असे चार कारखाने यायचे-न यायचे यावर मध्यम आकाराच्या देशाची मागणी हलते. म्हणूनच जाहीर झालेला, कर्ज मिळालेला आणि बांधकाम चालू असलेला असे प्रकल्पांचे तीन वर्ग करून प्रत्येकाला वेगळी शक्यता द्या. जाहीर झालेले सगळे प्रकल्प शंभर टक्के धरणारा अंदाज मी तरी विश्वासार्ह मानत नाही.

छोट्या उद्योगांसाठी मात्र उत्पादन निर्देशांक आणि किंमत यांवरचं समीकरण पुरेसं होतं. वाहतुकीचा हिशेब वाहनांची संख्या, वर्षाचे किलोमीटर आणि इंधनाचा सरासरी उतारा यांवर बसतो.

## वीज: खरी परीक्षा इथे

बहुतेक अंदाज वीज क्षेत्रात कोसळतात, आणि त्याचं कारण अंकगणितात आहे. अनेक देशांत वायूवरची वीज ही उरलेली जागा भरते. समजा देशाला वर्षाला ३०० अब्ज युनिट वीज लागते. जलविद्युत, अणू, कोळसा, पवन आणि सौर मिळून २४० देतात. उरलेले ६० वायूवर. ५० टक्के कार्यक्षमतेने त्याला सुमारे ११.४ अब्ज घनमीटर वायू लागेल. आता विजेच्या मागणीचा अंदाज फक्त ३ टक्क्यांनी चुकला, म्हणजे ३०० ऐवजी ३०९ निघाली, तर वाढीव ९ अब्ज युनिटांचा सगळा भार वायूवर येतो. वायूची मागणी १५ टक्क्यांनी, १.७ अब्ज घनमीटरने वाढते. पाऊस कमी झाला आणि जलविद्युत २० अब्ज युनिटांनी घटली, तर वायू एक तृतीयांशाने वाढतो.

ही गोष्ट प्रत्यक्षात वारंवार दिसली आहे. जपानने २०१० मध्ये सुमारे ७ कोटी टन एलएनजी आणला होता; २०११ च्या मार्चमधल्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अणुभट्ट्या बंद होत गेल्या आणि २०१२ मध्ये आयात ८ कोटी ७० लाख टनांच्या आसपास गेली. लोकसंख्या किंवा राष्ट्रीय उत्पन्न यांत असं काहीही बदललं नव्हतं. ब्राझीलमध्ये २०२१ साली धरणं आटली तेव्हा वायूवरची केंद्रं जोरात चालली आणि एलएनजीची आयात उसळली.

त्यामुळे विजेसाठी वार्षिक सरासरीवर भागवू नका. किमान महिन्यागणिक, जमल्यास तासागणिक हिशेब मांडा: मागणीतून पवन, सौर, अणू आणि सक्तीने चालणारी केंद्रं वजा करा, उरलेला भार स्वस्त केंद्रापासून महागाकडे भरत जा. जलविद्युतसाठी ओलं, मध्यम आणि कोरडं अशी तिन्ही वर्षं चालवून पाहा.

कोळसा आधी चालणार की वायू, हे इंधनाच्या भावांवर ठरतं. हिशेब एकदा हाताने करून पाहावा. कोळसा टनाला १०० डॉलर, उष्मांक २५ गिगाज्यूल, केंद्राची कार्यक्षमता ३६ टक्के असं मानू. १,००० युनिट विजेला १० गिगाज्यूल, म्हणजे ४० डॉलरचं इंधन. ५० टक्के कार्यक्षमतेच्या वायूकेंद्राला तेवढ्याच विजेला ७.२ गिगाज्यूल लागतात. म्हणजे वायू गिगाज्यूलला ५.५५ डॉलरपर्यंत असेल तरच तो कोळशाशी बरोबरी करतो. आता कार्बनवर टनाला ३० डॉलर कर लावा. कोळशाचं उत्सर्जन सुमारे ०.९५ टन, वायूचं ०.४० टन, फरक ०.५५ टनाचा, म्हणजे १६.५ डॉलरचा. बरोबरीचा भाव लगेच ७.८५ डॉलरवर जातो.

अमेरिकेत २०१२ च्या एप्रिलमध्ये वायूचा भाव एमएमबीटीयूला दोन डॉलरच्या खाली आला, तेव्हा कोळसा आणि वायू यांच्यापासूनची वीज जवळजवळ सारखी, प्रत्येकी ३२ टक्क्यांच्या आसपास झाली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून लागू झालेल्या आणि २०१५ मध्ये वाढवलेल्या कार्बन किमतीने कोळशाची जागा आकसली. शेवटचं कोळसा वीजकेंद्र २०२४ च्या ३० सप्टेंबरला बंद झालं. मधल्या वर्षांत त्या जागेचा मोठा भाग वायूने भरला आणि पुढे पवनऊर्जेने वायूलाही मागे रेटायला सुरुवात केली. एकच धोरण आधी मागणी वाढवतं आणि नंतर घटवतं, हे सरळ रेषेत कसं बसेल?

## समीकरण: उलटतपासणीसाठी

खालून रचलेल्या बेरजेला वरून तपासणारं एक समीकरण हवंच. एकूण मागणीचा लॉगरिदम डावीकडे. उजवीकडे किंमत, राष्ट्रीय उत्पन्न आणि मागच्या वर्षाची मागणी यांचे लॉगरिदम, शिवाय हीटिंग डिग्री डे. मागच्या वर्षाची मागणी अशासाठी, की माणसं बॉयलर किंवा भट्टी एका वर्षात बदलत नाहीत. किमतीचा सहगुणक उणे ०.१२ आणि मागच्या मागणीचा ०.७ निघाला असं समजा. तर अल्पकालीन लवचिकता (किंमत एक टक्का बदलली की मागणी किती टक्के बदलते ते) उणे ०.१२ आणि दीर्घकालीन उणे ०.१२ भागिले ०.३, म्हणजे उणे ०.४. भाव १० टक्के चढला तर पहिल्या वर्षी मागणी साधारण १.२ टक्क्यांनी आणि कालांतराने ४ टक्क्यांनी घटेल. लवचिकता अल्पकाळात कमी आणि दीर्घकाळात कितीतरी जास्त, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

पंचवीस वार्षिक निरीक्षणांवर सहा-सात चलं लादू नका. वर चढणाऱ्या दोन मालिका एकमेकींशी छान जुळतात, पण त्या जुळण्यात कार्यकारण असेलच असं नाही. म्हणून वार्षिक बदलांवरही तेच समीकरण चालवून पाहा. टंचाईची वर्षं आणि सरकारने गोठवलेल्या किमतींची वर्षं वेगळी ठेवा. समीकरण आणि खालून आलेली बेरीज यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर दोहोंची सरासरी काढून मोकळं होऊ नका. फरकाचं कारण शोधा.

## कमाल दिवस

रोजचा वापर आणि त्या दिवसाचे डिग्री डे यांचा बिंदुआलेख काढा. थंड दिवसांसाठी सरळ रेषा सहसा चांगली बसते. समजा रोजची मागणी ६० दशलक्ष घनमीटर, अधिक प्रत्येक अंशाला ९ दशलक्ष अशी निघाली. आधार १५.५ अंश. सरासरी ५ अंशांच्या हिवाळी दिवशी मागणी १५४.५ दशलक्ष घनमीटर. वीस वर्षांत एकदा येणाऱ्या उणे ४ अंशांच्या दिवशी ती २३५.५. जवळजवळ दीडपट. वार्षिक आकड्यात हा दिवस दिसतही नाही.

वीस वर्षांतून एकदा हे प्रमाण युरोपीय संघाच्या २०१७ च्या पुरवठा-सुरक्षा नियमावलीत आहे, आणि ब्रिटनमध्येही जाळ्याची आखणी त्याच धर्तीवर होते. २०१८ च्या १ मार्चला कडाक्याची थंडी आणि पुरवठ्यातले अडथळे एकदम आले, तेव्हा ब्रिटनच्या जाळ्याच्या चालकाला वायू अपुरा पडण्याची सूचना काढावी लागली होती.

कालची थंडी आणि आजचा वारा हेही समीकरणात घ्या. भिंती उष्णता धरून ठेवतात आणि वारा ती पळवतो. क्षेत्रांची वेगवेगळी शिखरं सरळ मिळवू नका, ती एकाच दिवशी येत नाहीत. वीजकेंद्रांचं मात्र नीट पाहा. १,००० मेगावॉटचं केंद्र ५० टक्के कार्यक्षमतेने दिवसभर पूर्ण चाललं तर सुमारे ४५ लाख घनमीटर वायू खातं. पवन आणि सौर वाढल्यामुळे ते वर्षात ३०० दिवसांऐवजी ३० दिवस चाललं, तर वार्षिक मागणी कोसळते, पण वारा पडलेल्या थंड संध्याकाळी ते ४५ लाख लागतातच. वार्षिक मागणी घटतेय म्हणून पाइपलाइनची क्षमता कमी करणाऱ्या देशाला हा हिशेब आधी दाखवायला हवा.

## शक्यताचित्रं

मधला आकडा घेऊन त्याला वर-खाली दहा टक्के लावले की तीन शक्यताचित्रं झाली, असं होत नाही. प्रत्येक चित्रात गोष्टी एकमेकींशी सुसंगत असाव्या लागतात: महाग वायू, वेगाने येणारी सौरऊर्जा आणि बंद होणारे खत कारखाने हे एकत्र शोभतं; महाग वायू आणि भरभराटीला आलेला निर्यातक्षम युरिया शोभत नाही. धोरणाचा उलटा फेराही एखाद्या चित्रात असू द्या. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने नव्या वीजकेंद्रांत वायू वापरायला बंदी घातली होती आणि १९८७ मध्ये ती उठवली. लुइझियानातलं सबीन पास टर्मिनल २००८ मध्ये एलएनजी आयातीसाठी सुरू झालं. शेल वायू (शेल खडकाच्या थरांत अडकलेला वायू) आल्यावर तिथूनच २०१६ च्या फेब्रुवारीपासून निर्यात होऊ लागली. तिथे उलटली ती पुरवठ्याची बाजू, पण आयातीची गरज ही मागणीतून देशांतर्गत उत्पादन वजा करूनच निघते, त्यामुळे दोन्ही बाजूंची अनिश्चितता एकाच तक्त्यात हवी.

## तपासणी आणि नोंद

अंदाज देण्याआधी मागे जाऊन पाहा. दहा वर्षांपूर्वी उभे आहात असं समजून फक्त तेव्हा उपलब्ध असलेल्या माहितीवर मॉडेल चालवा आणि आजपर्यंतच्या प्रत्यक्ष आकड्यांशी ताडा. मग तेच मॉडेल प्रत्यक्षातले भाव, तापमान आणि उत्पन्न घालून पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी चूक बरीच कमी झाली तर मॉडेल ठीक आहे, गृहीतकं चुकली होती. तितकीच राहिली तर मॉडेलचीच रचना तपासा. ‘पुढचं वर्ष हवामान-दुरुस्त मागच्या वर्षासारखंच’ हा साधा अंदाज सोबत ठेवा. अल्प मुदतीत तुमचं मॉडेल त्यालाही मागे टाकत नसेल, तर ते वापरात आणू नका.

प्रत्येक आकड्याजवळ उष्मांक, घनमीटरचं तापमान, पायाभूत वर्ष, सामान्य हवामानाचा कालखंड, मानलेली किंमत आणि तारीख लिहा. जोडण्यांची मासिक वाढ, प्रकल्पांचं कर्जमंजुरीपत्र, धरणांची पातळी, कोळसा आणि वायूचे भाव, बंद-सुरू होणारे कारखाने यांवर दर तिमाहीला नजर ठेवा. नवा अंदाज काढाल तेव्हा जुना आणि नवा यांतला फरक कारणांनुसार फोडून दाखवा: हवामानामुळे किती, भावामुळे किती, प्रकल्प लांबल्यामुळे किती. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ या काळात १५ टक्के बचतीचं लक्ष्य ठेवलं आणि पाच वर्षांच्या सरासरीच्या मानाने घट झाली ती जवळपास १८ टक्क्यांची. तिच्यात सौम्य हिवाळ्याचा, चढ्या भावांचा आणि जाणीवपूर्वक बचतीचा वाटा किती, हे ज्याने वेगळं काढलं त्यालाच पुढच्या हिवाळ्याचा आकडा भरवशाने मांडता येत होता.